पत्र्याखालच्या हॉलमधली हायब्रिड मीटिंग: एआय स्पीकरफोन घेऊन भागेल का?

आंबापेटी (प्रश्न)

रत्नागिरी तालुक्यातलं आंबा पॅकिंग आणि निर्यातीचं छोटं ऑफिस. आठवड्याला दोन-तीन ऑनलाइन मीटिंगा असतात. आमच्याकडे टेबलाभोवती पाच जण. पलीकडे वाशीचा व्यापारी, पुण्यातले हिशेबनीस आणि कधी कधी दुबईचा खरेदीदार. शिवाय एक सहकारी गुहागरच्या घरून जोडलेली असते.

मागून पुन्हा विचारावं लागू नये म्हणून मांडणी सगळी आत्ताच देतो. हॉल १४ बाय १२ फूट, सरासरी उंची १० फूट. भिंती चिऱ्याच्या, आतून सिमेंटचा गिलावा. खाली टाइल्स, वर लोखंडी कैच्या आणि उघडा पत्रा. मधोमध ७ फुटांचं टेबल, त्याच्या बरोबर वर पंखा. भिंतीवर ४३ इंची टीव्ही, लॅपटॉप त्याला एचडीएमआयने जोडलेला. माइक लॅपटॉपचा, आवाज टीव्हीतून. शेजारी स्लॅबखालची १० बाय १० ची खोली आहे, सध्या तिच्यात बारदान आणि रिकाम्या पेट्या ठेवतो.

पलीकडच्यांच्या तक्रारी अशा: एक, आमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो. दोन, पाऊस आला की शब्द गळतात. तीन, दोन्हीकडून एकदम बोललं तर आमचं बोलणं तुटतं. चार, त्यांना त्यांचाच आवाज उलटा ऐकू येतो.

एआय नॉइज कॅन्सलेशनवाला (गोंगाट गाळणारा) स्पीकरफोन, म्हणजे टेबलावर ठेवायचा माइक आणि स्पीकर एकत्र असलेला डबा, घ्यायचा विचार आहे. 'पाच मीटरपर्यंत आवाज पकडतो' असं खोक्यावर लिहिलेलं असतं. एवढ्याने काम होईल? घेताना काय बघायचं? आणि त्यातून मराठी मीटिंगची टिपणं आपोआप निघतील का?

---

चिरेबंदी

चौथ्या तक्रारीपासून सुरुवात करतो, ती पैसे न खर्चता सुटेल. पलीकडच्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येत असेल तर दोष जवळपास नेहमी आपल्या बाजूला असतो. त्याचा आवाज आपल्या स्पीकरमधून निघून आपल्याच माइकमध्ये शिरतो आणि परत जातो. हा प्रतिध्वनी वजा करायला मशीनला दोन गोष्टी कळाव्या लागतात: स्पीकरमधून नेमकं काय बाहेर गेलं आणि ते माइकपर्यंत किती वेळाने पोचलं. आवाज टीव्हीतून काढला की टीव्ही तो स्वतःच्या प्रोसेसिंगमध्ये थोडा थांबवून सोडतो, आणि हा उशीर कायम सारखा राहत नाही. वजाबाकी तिथेच चुकते.

हीच चूक नवा स्पीकरफोन आणल्यावरही होते. माइक म्हणून स्पीकरफोन निवडतात आणि आवाज टीव्हीवरच ठेवतात. मग स्पीकरफोनच्या आतल्या चिपला टीव्हीतून काय वाजतंय याचा पत्ताच नसतो. ती टीव्हीतला आवाज खोलीतल्या माणसाचा समजते आणि साफसूफ करून आदराने परत पाठवते. म्हणून माइक आणि स्पीकर या दोन्ही ठिकाणी एकच उपकरण निवडायचं आणि टीव्हीचा आवाज शून्यावर न्यायचा. टीव्ही फक्त चित्रापुरता.

आता पाच मीटरचं. ही मोजणी शांत, गालिचा-पडदे असलेल्या खोलीतली असते. तुमच्या हॉलचं घनफळ साधारण ४८ घनमीटर. गिलावा, टाइल आणि पत्रा आवाज जवळजवळ शोषतच नाहीत. पाच माणसं धरून अंदाज केला तर टाळी वाजवल्यावर आवाज विरायला दीड सेकंदाच्या आसपास लागत असावेत. बोलण्याला अर्धा ते पाऊण सेकंद बरा. एवढ्या घुमणाऱ्या खोलीत तोंडापासून साधारण एक फुटापर्यंतच थेट आवाज जास्त असतो. त्यापलीकडे माइकला भिंतींवरून परतलेला आवाजच अधिक मिळतो. एआय पंख्याची घरघर ओळखून काढू शकतं, पण घुमणारा आवाज तुमचाच असतो, फक्त उशिरा आलेला. तो काढायला गेलं की शब्दांच्या कडा झिजतात.

म्हणून आधी खोलीत मऊ गोष्टी आणा. यासाठी बाहेरून महाग फोम मागवायची गरज नाही, आपल्याकडे काथ्या मिळतो. २ इंची कॉयरच्या ६ बाय ३ फुटांच्या चार गाद्या समोरासमोरच्या नव्हे तर लगतच्या दोन भिंतींवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला लावा. भिंत आणि गादी यांत २ इंच पोकळी सोडा. तिने खालचे सूर जास्त शोषले जातात आणि पावसाळ्यात मागून हवा खेळल्यामुळे बुरशीही कमी धरते. खोळ सुती कापडाची घाला. रेक्झिन लावलंत तर वरचे सूर त्याच्यावरूनच परततील आणि गादीचा अर्धा उपयोग वाया जाईल. खिडक्यांना जाड पडदे द्या, कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे चुण्या पडतील. एवढ्याने दीड सेकंदाचे पाऊण सेकंदाच्या आत येतील. जमिनीवरच्या पातळ सतरंजीकडून फार अपेक्षा धरू नका. खुर्च्या सरकवल्याचा आवाज तिने थांबेल, घुमणं मात्र थांबणार नाही.

खोक्यावरची अंतरं विसरा. तुमच्या हॉलमध्ये कुणाचंही तोंड स्पीकरफोनपासून चार फुटांहून लांब नको. ७ फुटांच्या टेबलाच्या मधोमध तो ठेवला आणि टोकाची खुर्ची थोडी आत ओढली तर हे जमतं.

---

तारजोडणी

वरचं सगळं पटतं. जोडणीबद्दल लिहितो, कारण चांगलं मशीन वाईट जोडून लोक मशीनला नावं ठेवतात.

स्पीकरफोन लॅपटॉपला यूएसबी केबलनेच जोडा. ब्ल्यूटूथवर माइक चालू झाला की दोन्ही दिशांचा आवाज फोनकॉलच्या पद्धतीने जातो. जुन्या पद्धतीत आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो (त्यांना नमुने म्हणतात), बऱ्या पद्धतीत १६,००० वेळा. ८,००० नमुन्यांत ४ किलोहर्ट्झच्या वरचं काही उरतच नाही, आणि 'स'चा बराचसा जोर तिथूनच वर असतो. मग 'साठ पेट्या' पलीकडे 'आठ पेट्या' ऐकू येतात. तुमच्या धंद्यात हा फरक परवडणारा नाही. बिनतारीच हवं असेल तर स्पीकरफोनबरोबर आलेला डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा बिनतारी तुकडा) वापरा, पण तो यूएसबी ३ च्या पोर्टात हार्डडिस्कला खेटून लावू नका. त्या पोर्टची गडबड नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडते. एक फुटाची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल दूर घ्या.

केबल सरळ लॅपटॉपमध्ये लावा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. बिनअॅडॉप्टरच्या स्वस्त हबवर माउस, पेनड्राइव्ह आणि स्पीकरफोन तिन्ही लावले की आवाज मोठा होताच व्होल्टेज पडतं आणि उपकरण क्षणभर बंद पडून परत येतं. मीटिंगमध्ये 'आवाज अचानक लॅपटॉपवर गेला' असं होतं ते बहुतेक यामुळेच. लांब केबल हवी तर यूएसबी २ साठी ५ मीटर ही हद्द धरा.

तिसरी तक्रार, दोघे बोलले की तुटणं. त्याचं मुख्य कारण स्पीकरचा व्हॉल्यूम. छोटा स्पीकर पूर्ण जोरात वाजला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मूळ आवाजाशी जुळत नसल्यामुळे वजा होत नाही. मग मशीन सरळ तुमचा माइक दाबून टाकतं. व्हॉल्यूम ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा. तेवढ्यात ऐकू येत नसेल तर स्पीकरफोन जवळ घ्या, व्हॉल्यूम वाढवू नका.

आणि गाळण एकच ठेवा. हे सगळ्यात जास्त चुकतं. स्पीकरफोनमध्ये एआय नॉइज सप्रेशन, लॅपटॉप बनवणाऱ्याच्या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये दुसरं, वर झूम किंवा टीम्सचं तिसरं. एकदा गाळलेलं पुन्हा गाळलं की पुढच्या गाळणीला आधीचे तुटलेले तुकडेच गोंगाट वाटतात, आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा किंवा रोबोटसारखा होतो. स्पीकरफोनमधलं चालू ठेवा, लॅपटॉपचं बंद करा, झूममध्ये बॅकग्राउंड नॉइज सप्रेशन 'लो'वर, टीम्समध्ये 'लो' किंवा 'ऑफ'. गुगल मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करता येतं. टीम्समधलं 'व्हॉइस आयसोलेशन' मात्र हॉलमध्ये मुळीच लावू नका. ते नोंदवलेल्या एकाच माणसाचा आवाज ठेवतं आणि बाकी माणसांचे आवाज गोंगाट म्हणून काढतं. टेबलावरचे चार जण गायब होतील.

स्पीकरफोनच्या जागेचे काही नियम: पंख्याच्या बरोबर खाली ठेवू नका, वरून येणारा वारा माइकच्या भोकांवर आदळून फरफर करतो. पंखा हलवता येत नसेल तर टेबल दोन फूट सरकवा. भिंतीपासून किमान ३ फूट दूर ठेवा. लॅपटॉपच्या पंख्याच्या झोताकडे नको. खाली माउसपॅड किंवा चौपदरी घडीचा नॅपकिन घाला, नाहीतर पेन आपटल्याचा धक्का टेबलातून थेट माइकात शिरतो. फाइली, पाण्याची बाटली, फळांची टोपली त्याच्या आणि माणसाच्या मध्ये नको.

एकाच खोलीत दुसरा लॅपटॉप जोडला तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करायचे. नुसता माइक म्यूट करून भागत नाही, त्याच्या स्पीकरमधून निघालेला आवाज पहिला माइक उचलतो. गुगल मीटमध्ये यासाठी कम्पॅनियन मोड आहे.

---

पागोळी

पावसाचं नीट समजून घ्या, कारण जून ते सप्टेंबर हाच मुद्दा तुमचं सगळं ठरवेल.

एआय गाळण कशी चालते? माणसांचं बोलणं आणि तऱ्हेतऱ्हेचे गोंगाट यांच्या ढीगभर नमुन्यांवर ती शिकवलेली असते. प्रत्येक क्षणी कुठल्या पट्टीत बोलणं आहे आणि कुठल्या पट्टीत नाही याचा अंदाज बांधून ती नको तो भाग दाबते. पंखा, जनरेटर, महामार्गावरचा ट्रक, कुत्र्याचं भुंकणं, रातकिडे, यांचा सूर बोलण्याहून वेगळा असतो म्हणून ते छान निघतात. पत्र्यावरचा पाऊस मात्र खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, अगदी 'स', 'श', 'फ' यांच्यासारखा. तो दाबताना हीच अक्षरं जातात. 'शब्द गळतात' ही तुमच्या लोकांची तक्रार अगदी नेमकी आहे.

दुसरं, बोलणं गोंगाटापेक्षा किमान १० डेसिबल वर असलं तर गाळणीला वाव मिळतो. साधं बोलणं एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल असतं. अंतर निम्मं केलं की ६ ने वाढतं: अर्ध्या मीटरवर ६६, पाव मीटरवर ७२. जोराच्या सरीत उघड्या पत्र्याखालचा आवाज या पातळीपर्यंत सहज पोचतो. मोबाइलवरच्या डेसिबल मीटरने मोजून बघा. तो आकडा अगदी अचूक नसतो, पण बोलणं वरचढ की पाऊस, एवढं कळतं. मीटर ६५ च्या वर दाखवत असेल तर टेबलावरचा कुठलाही स्पीकरफोन, कितीही महाग, तुम्हाला वाचवणार नाही.

पत्र्यावर उपाय करायचे तर थेंब थेट पत्र्यावर आपटू द्यायचा नाही. पत्र्याच्या वर अर्धा फूट उंचीवर शेडनेट ताणली तर थेंब फुटून बारीक होतात आणि कडकडाट उतरतो. पण किनाऱ्याच्या वाऱ्यात ती नीट बांधावी लागते, दरवर्षी दोऱ्या तपासाव्या लागतात. पत्रा बदलायचाच असेल तर ५० मिलिमीटरचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) घ्या. पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग दिसायला स्वच्छ, आवाजाला जवळजवळ कुचकामी. सीलिंग करायचंच तर सिमेंट फायबर बोर्ड आणि त्यावर ५० मिलिमीटर ग्लासवूल. जिप्सम दमट हवेत फुगतं.

तुमच्याकडे स्लॅबखालची खोली असताना मी यातलं काहीच करणार नाही. बारदान हॉलमध्ये न्या, मीटिंग त्या खोलीत आणा. १० बाय १० मध्ये पाच जण दाटीने बसतील, पण प्रत्येकाचं तोंड स्पीकरफोनपासून तीन फुटांच्या आत येईल. एवढी जवळीक हॉलमध्ये कुठल्याच उपकरणाने मिळणार नाही. थोडं बारदान दोन जाड थप्प्या करून कोपऱ्यांत राहू द्या, तेही आवाज शोषतं. फक्त ते कोरडं असू दे आणि त्याचे तंतू माइकच्या भोकांपासून लांब राहू देत.

---

आंबापेटी

खूप मदत झाली. शनिवारी मांडणी बदलून तपासलं, आकडे देतो. हॉलमध्ये हलक्या सरीत मीटरवर ६३, जोराच्या सरीत ७४. छोट्या खोलीत दार लावून ४८. टीव्हीचा आवाज बंद करून सगळं एकाच उपकरणावर नेलं तेव्हा उलटा आवाज येणं थांबलं, तेही नवीन काही न घेता, लॅपटॉपच्याच माइक-स्पीकरवर.

म्हणजे खोली ठरली. आता तीन प्रश्न. स्पीकरफोन निवडताना खोक्यावरच्या कुठल्या ओळी वाचायच्या? प्रत्येक खुर्चीवरून आवाज नीट जातोय हे पलीकडच्याला त्रास न देता कसं तपासायचं? आणि गुहागरच्या सहकारीला घरी हाच स्पीकरफोन द्यावा का?

---

तारजोडणी

खोक्यावर बघायचं ते असं. माइक तीन-चार तरी असावेत आणि ते दिशा ओळखून एकत्र काम करणारे, ज्याला बीमफॉर्मिंग म्हणतात. 'फुल डुप्लेक्स' असं स्पष्ट लिहिलेलं असावं, म्हणजे दोन्हीकडून एकदम बोलता येतं. यूएसबीवर वाइडबँड किंवा सुपर वाइडबँड असावं, म्हणजे 'स'सारखे वरचे सूरही जातात. वेगळा ड्रायव्हर न टाकता चालणारा, म्हणजे प्रमाणित यूएसबी ऑडिओ वर्गाचा असावा. म्यूटचं बटण दाबल्यावर लाल दिवा लागणारा असावा, आणि म्यूट स्पीकरफोनवर आणि टीम्समध्ये एकाच वेळी बदलत असेल तर उत्तम. नाहीतर एक तिथे म्यूट, एक इथे, आणि पाच मिनिटं कुणालाच काही ऐकू येत नाही. पाच माणसांना एकच पुरतो. पुढे हॉलमध्ये दहा माणसांची मीटिंग लागली तर त्याच मॉडेलचा दुसरा त्याला जोडता येतो का, हे आत्ताच बघा. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन स्पीकरफोन एका टेबलावर ठेवले की एकमेकांना ऐकून शीळ घालतात. 'एआय' या शब्दाला एकट्याने किंमत देऊ नका. नॉइज सप्रेशन उपकरणाच्या आत चालतं की फक्त कंपनीच्या लॅपटॉप अॅपमध्ये, हे वाचा. अॅपमध्ये चालणारं असेल तर दुसऱ्या लॅपटॉपवर ते नसणार.

तपासणी अशी. लॅपटॉपच्या साउंड रेकॉर्डरमध्ये इनपुट म्हणून स्पीकरफोन निवडा. एकेका खुर्चीवर बसून नेहमीच्या आवाजात हेच शब्द वाचा: सासवणे, श्रीवर्धन, फणसोप, खारेपाटण, चिपळूण, साठ, आठ, सात, सत्तर, छप्पन्न. हेडफोन लावून ऐका. 'साठ' आणि 'आठ' वेगळे कळले पाहिजेत, 'फणसोप'मधला 'फ' आणि 'स' दोन्ही ऐकू आले पाहिजेत. ज्या खुर्चीवरून ते येत नाहीत ती खुर्ची जवळ ओढा. मग पंखा चालू करून तेच. पाऊस असताना तेच. याने उपकरणाचा आणि खोलीचा दोष कळतो. अॅपचं सप्रेशन या रेकॉर्डिंगमध्ये येत नाही, त्यासाठी टीम्सचा टेस्ट कॉल आणि झूमची माइक चाचणी आहे. त्यातही तेच शब्द वाचा. रेकॉर्डरमध्ये स्वच्छ आणि टेस्ट कॉलमध्ये पाण्याखालचा आवाज आला तर दुहेरी गाळण चालू आहे असं समजा.

मीटिंगच्या आधी फोनचं ब्ल्यूटूथ बंद ठेवा. स्पीकरफोन लॅपटॉप आणि फोन दोन्हींना जोडलेला असेल तर कुणाचा तरी कॉल येताच तो तिकडे उडी मारतो.

---

चिरेबंदी

गुहागरच्या ताईंबाबत: एकटीच बोलणार असेल तर स्पीकरफोन नको, तारेचा यूएसबी हेडसेट द्या. माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर राहतो, म्हणून खोली घुमो की पाऊस पडो, फरक फार कमी पडतो. माइकची दांडी ओठांच्या कोपऱ्याला ठेवा, अगदी समोर नको, नाहीतर 'प', 'फ', 'भ' यांचा श्वास आदळतो.

---

पागोळी

इथे थोडं वेगळं मत आहे. रोज चार-पाच तास मीटिंग असेल तर दमट उकाड्यात कानावरचा हेडसेट घामाने नकोसा होतो आणि माणूस तो काढून लॅपटॉपच्या माइकवर बोलायला लागतो. ते सगळ्यात वाईट. अशा वेळी छोटा स्पीकरफोन तोंडापासून दीड-दोन फुटांवर, लॅपटॉपच्या अलीकडे ठेवला तर एकट्याला पुरतो. पण ओटीवर किंवा पडवीत बसायचं नाही, तिथे पागोळ्यांचा आणि वाऱ्याचा आवाज थेट येतो. माजघरात बसायचं, पाठीमागे कपड्यांचं कपाट किंवा अंथरुणांची उतरंड असेल अशा बाजूला. गोधड्यांची उतरंड म्हणजे घरातली सगळ्यात चांगली आवाज शोषणारी भिंत. आणि जोराच्या सरीसाठी हेडसेट शेजारीच ठेवायचा, याबाबत चिरेबंदींशी पूर्ण सहमत.

---

शब्दटिपण

मराठी टिपणांचा प्रश्न राहून गेला.

स्पीकरफोन स्वतः टिपणं काढत नाही. तो आवाज पाठवतो, लिहिणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं, आणि खोक्यावरच्या 'एआय'मुळे लोक या दोन गोष्टी एकच समजतात. मराठी ओळखणारी मॉडेल्स आहेत. ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर मराठी लिहितं. आयआयटी मद्रासमधल्या एआयफॉरभारत गटाची मॉडेल्स भारतीय भाषांसाठीच बनवलेली आहेत. पण इंग्रजीइतकी अचूकता धरू नका. तुमच्या मीटिंगमध्ये मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात येणार, त्यात कुणी रत्नागिरीकडच्या बोलीत, कुणी मालवणीत बोलणार. बोलीतली क्रियापदं मॉडेल प्रमाण मराठीकडे ओढून भलतंच लिहितं.

चुका कुठे होतात ते ठरलेलं असतं. आकड्यांत: साठ-आठ, पंचवीस-पंचेचाळीस. नावांत: गावं, बागायतदार, ट्रान्सपोर्ट. 'डझन' आणि 'पेटी' यांची अदलाबदल होते. आणि एक गोष्ट फार जपायची: व्हिस्परसारखी मॉडेल्स लांब शांततेत किंवा नुसत्या पावसाच्या आवाजावर कुणीही न बोललेली वाक्यं लिहून मोकळी होतात. म्हणून मीटिंग सुरू होण्याआधीचा आणि चहाच्या वेळचा भाग रेकॉर्डिंगमधून कापून मगच फाइल द्या.

कुणी काय बोललं हे वेगळं करायचं काम एका स्पीकरफोनवर कठीण असतं, कारण पाचही आवाज एकाच वाटेने जातात. सोपा उपाय म्हणजे बोलण्याची शिस्त. ठराव करताना अध्यक्षाने वाक्य पूर्ण म्हणायचं: 'ठरलं, वाशीला साठ पेट्या, सहा शून्य, मंगळवारी.' आकडा एकदा शब्दात आणि एकदा अंक सुटे करून. माणसालाही हे उपयोगी, मशीनलाही. टिपणांवर दर आणि नग कुणीतरी हातच्या वहीशी ताडून बघितल्याशिवाय ती पाठवू नका.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी सगळ्यांना सांगा आणि होकार घ्या, दुबईच्या खरेदीदारालाही. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. फाइल कुठल्या सर्व्हरवर जाते आणि किती दिवस राहते हे सेवेच्या सेटिंगमध्ये बघून घ्या. दराच्या वाटाघाटी असतील तर रेकॉर्डिंग बंदच ठेवा.

---

खारवारा

किनाऱ्यावर हे उपकरण दोन पावसाळे टिकावं असं वाटत असेल तर थोडी देखभाल.

खारी दमट हवा आधी यूएसबीचे संपर्क खाते. हिरवट किंवा काळपट थर दिसला की केबल हलवताना आवाज तुटतो आणि लोक सॉफ्टवेअर पुन्हा टाकत बसतात. महिन्यातून एकदा, उपकरण बंद करून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने प्लग पुसा आणि पूर्ण सुकू द्या. माइकच्या भोकांत पिन, टाचणी किंवा फुंकर मारायचा डबा घालायचा नाही. आतलं पटल फार नाजूक असतं, कोरड्या मऊ ब्रशने वरवर झाडायचं. आयपी रेटिंग असलेलं उपकरण धूळ आणि शिंतोडे सोसतं, मिठाची हवा सोसेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं.

काम नसताना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-एक तास तापवले की परत कामाला येतात. बॅटरीवाला स्पीकरफोन महिनोन्महिने वापरणार नसाल तर अर्धा चार्ज करून ठेवा.

विजेचं: स्पीकरफोन लॅपटॉपवर चालतो, लॅपटॉपला बॅटरी असते. वीज गेली की पडतो तो राउटर. फायबरचा डबा आणि वायफाय राउटर मिळून साधारण १० वॅट घेतात. ८,८०० मिलिअँपिअर-तासांच्या छोट्या १२ व्होल्ट डीसी यूपीएसमध्ये सेल ३.७ व्होल्टचे असतात, म्हणजे सुमारे ३२ वॅट-तास. थोडं वाया जाणारं सोडलं तर अडीच तास मिळतात. घेताना राउटरच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ देऊ नका.

झाड पडून फायबर तुटली तर मोबाइलचा हॉटस्पॉट. कॅमेरे बंद केले की नुसत्या आवाजाला सेकंदाला १०० किलोबिटसुद्धा पुरतात. वेग दिसतोय पण आवाज तुटतोय अशी वेळ आली तर वेग बघू नका, पॅकेट (ज्या तुकड्यांत आवाज पाठवला जातो ते) किती हरवतात ते बघा. एक टक्क्याच्या आत असावेत, आणि येण्याच्या वेळेतला चढउतार ३० मिलिसेकंदांच्या आत.

इन्व्हर्टरवर गेल्यावर 'घूं' असा आवाज पलीकडे जात असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष स्पीकरफोनचा नसून अर्थिंगचा आहे. कातळावर, त्यातही उन्हाळ्यात जमीन कोरडी पडल्यावर, अर्थिंग कमजोर होतं. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, तोवर मीटिंगपुरतं बॅटरीवर चालवा. आणि गडगडाट सुरू झाला की चार्जरबरोबर राउटरकडून येणारी लॅन केबलही काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण अॅडॉप्टरमधून राउटरात आणि तिथून लॅनच्या तांब्यावरून लॅपटॉपपर्यंत येऊ शकते.

---

आंबापेटी

ठरलं ते लिहितो. मीटिंग छोट्या खोलीत, चार माइकवाला एकच स्पीकरफोन, केबलने, टीव्ही मुका. गुहागरला तारेचा हेडसेट, उकाड्यासाठी छोटा स्पीकरफोन पुढच्या महिन्यात. राउटरचा अॅडॉप्टर बघितला, १२ व्होल्ट दीड अँपिअर आहे.

एकच शंका. छोट्या खोलीला एक खिडकी आहे, बाहेर पन्हळ. दार-खिडकी लावली की पाच माणसांत अर्ध्या तासात गुदमरतं. खिडकी उघडी ठेवून चालेल का?

---

पागोळी

खिडकी उघडा, फक्त पन्हळीचं पाणी टपटप पडणार नाही असं बघा. तिच्या तोंडाशी काथ्याची जाड दोरी किंवा साखळी लटकवा, पाणी दोरीवरून ओघळत खाली जातं आणि आवाज बराच कमी होतो. खाली बादली नको, जाड खडी टाका. उघडी खिडकी बोलणाऱ्यांच्या पाठीमागे नको, बाजूला असू दे. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं दार उघडून हवा बदला, तेवढा वेळ स्पीकरफोन म्यूट.